सान ब्लासचा ताप

चि. एलिहिओ यास,

देओलिंदाताईचे भरघोस आशीर्वाद. तुझ्या दुकानाची वाढ होत राहो आणि तुझ्या पोटाची थांबो. नोर्माची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, जड उचलू नकोस, आणि त्यात नवराही आला. तुमच्या एन्कार्नासिओन शहराला निदान नदीचा वारा तरी असतो. इथे फेब्रुवारीचा उन्हाळा असा पेटलाय की कोंबड्या चोच उघडी टाकून भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि कोंबडा आरवायचं ठरवून मग विचार बदलतो. बाकी मी बरी आहे. गुडघे बरे आहेत. जीभ तर उत्तमच आहे, ते तुला पुढे कळेलच.

पत्रासोबत बसच्या ड्रायव्हरकडे एक लाल गाठोडं दिलं आहे. ते आत्ता सोडू नकोस. मांडीवर घेऊन बस आणि पत्र शेवटपर्यंत वाच, सोडायची वेळ आली की मी सांगेन. (ताईचं एवढं तरी ऐक. सणाला ये म्हटलं ते ऐकलं नाहीस, स्वतःऐवजी दोन डबे पाठवलेस.)

तर डबे. डबे मिळाले, आणि त्यांचं काय झालं हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच. तुला आठवत असेल, मी तुला तुझ्या दुकानातलं लाकडाला लावायचं साधं तेल मागितलं होतं. आपला लाकडाचा संत सान ब्लास पणजोबांच्या काळापासून आपल्या अंगणातल्या छपराखाली आहे. इतक्या वर्षांच्या मेणबत्त्यांच्या काजळीनं त्याचा चेहरा भट्टीवर काम करणाऱ्या माणसासारखा झाला होता, झगा कुठला आणि दाढी कुठली ते सांगावं लागायचं. आणि तो सार्जंट फाकुंदो (निवृत्त झाला, पण अंगातला सार्जंट उतरला नाही, उत्सव समितीचा अध्यक्ष तोच) गेली काही वर्षं टपूनच बसलाय. संत आमच्या कौलारू सभागृहात हलवा, एकट्या बाईच्यानं संत सांभाळला जात नाही, गवताच्या छपराखाली त्याचे हाल होतात, असं तो ज्याला त्याला सांगत फिरतो. यंदा तर तोंडावर म्हणाला, "देओलिंदा, सणाच्या दिवशी संत असाच कळकट दिसला तर मी गावासमोर ठराव मांडणार." आईनं मरताना माझ्या हातात घर दिलं नव्हतं रे, संत दिला होता. घर त्याच्याबरोबर आलं. म्हणून मी तुझ्यासारख्याकडे तेल मागितलं, यावरून माझी अवस्था ओळख.

तू पाठवलेल्या डब्यावर 'रेनासेर' असं सोनेरी अक्षरांत लिहिलंय. पुनर्जन्म! नाव वाचूनच आमच्या शेजारच्या सोतेराबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. खाली टुंगाच्या झाडाच्या फुलाचं चित्र, त्याखाली 'टुंग आणि जवस यांचे शुद्ध मिश्रण, शंभर टक्के नैसर्गिक, म्हणूनच संपूर्ण निर्धोक'. एलिहिओ, हे 'म्हणूनच' तू कुठून आणलंस? टुंगाचं फळही झाडालाच लागतं, शंभर टक्के नैसर्गिक असतं, आणि लहानपणी ते अक्रोड समजून खाल्ल्यावर तू विहिरीपाशी आतडी बाहेर येईस्तोवर ओकत होतास ते काय निर्धोकपणामुळे? साप नैसर्गिकच असतो. फाकुंदोही नैसर्गिकच आहे.

पण खोटं कशाला बोलू, तेल चांगलं निघालं. आधी कोमट पाण्यानं काजळी काढली, मग सणाच्या आदल्या दिवशी सकाळी तेल लावायला घेतलं. पहिला हात फिरला आणि लाकूड प्यायला लागलं. दाढीचे केस दिसू लागले, झग्याचा लाल रंग वर आला, आणि गालावर अशी तकाकी आली की हा संत बिशप नुकताच भरपेट जेवून उठलाय असं वाटावं. मला रडूच आलं. लहानपणी आई उचलून घ्यायची आणि तो चेहरा जवळून दाखवायची, तोच चेहरा. हे मी तुला सांगते आहे कारण पुढे मी तुझ्या तेलाबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून मी तुझ्या यशावर जळते असं नोर्मा म्हणेल. जळणं वेगळं, त्याच्याकडे येतेच आहे.

फाकुंदोनं डबा हातात घेऊन वरची सूचना फर्मान वाचावं तशी वाचली. "सढळ हाताने लावा. थोड्या वेळाने जादा तेल स्वच्छ कापडाने पुसून काढा." संपलं. फडक्याचं पुढे काय करायचं यावर डबा गप्प. एखाद्या परक्या गावात हे चाललं असतं. लोकांनी जुनी बंडी फाडून पुसलं असतं आणि बंडी कुठेतरी भिरकावली असती. पण हे आपलं गाव आहे आणि हा घशाचा संत आहे. सान ब्लासच्या अंगाला लागलेला लाल रुमाल गळ्यात बांधला की वर्षभर घसा धरत नाही आणि माशाचा काटा अडकत नाही, हे तुलाही पाळण्यात शिकवलंय. 'पुसायचं आहे' एवढा शब्द बाहेर गेला मात्र, अख्खं गाव आपापला लाल रुमाल घेऊन अंगणात हजर! रांग लागली. प्रत्येकाला पुसायचं होतं, आणि पुसायला तेल तर हवं, म्हणून फाकुंदो मागून ओततच होता. शेवटी शेवटी तर संताला पुसत होते की संताला बुडवून काढत होते कोण जाणे. पहिला डबा रिकामा झाला.

आता ते रुमाल. धुवायचे नाहीत, कारण सणाच्या आधी धुतले तर गुण पाण्याबरोबर जातो. वाळत घालायचे नाहीत, कारण संताच्या अंगाला लागलेलं कापड तुमच्या परकर-चड्ड्यांच्या दोरीवर लोंबकळताना दिसलं तर वर काय वाटेल? मग रीत काय? नीट चौघडी घालायची, एकावर एक रचायचे, संताच्या पायाखालच्या पेटीत ठेवायचे, झाकण लावायचं आणि वर संताला उभं करायचं. दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाली की ज्याचा त्याला. आम्ही अगदी तसंच केलं. फाकुंदोनं तर गठ्ठ्यावर गुडघा देऊन तो दाबून बसवला, सैन्यात बिछाने असेच बांधतात म्हणून.

दुपारी सगळे झोपले. उठून सोतेराबाई आपला बर्फाच्या पाण्याचा थर्मास, थंड तेरेरे चहाचा पेला आणि गावाच्या बातम्या घेऊन आल्या आणि नेहमीप्रमाणे पेटीला कोपर टेकून बसल्या. बसल्या आणि उठल्या.

"अगं बाई, देओलिंदा! संताला ताप आलाय!"

मी म्हटलं उन्हानं तापलं असेल. पण ऊन तिथे येतच नाही. हात लावला तर पेटी खरंच कोमट, आजारी मुलाचं कपाळ लागतं तशी. सोतेराबाईंनी तिथल्या तिथे निदान केलं. सगळ्या गावाचे घसे जन्मभर बरे केले, सकाळपासून गावानं तोंडाशी तोंड नेऊन पुसलं, त्यात कुणाचा तरी घसा बसलेला असणार, तो आज ह्याला लागला. (आपल्या गावात संताला ताप येतो यावर कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. वाद झाला तो फक्त औषधावरून.)

आरोग्य केंद्रातली नर्स मिर्ना बोलावणं गेल्यावर खरोखरच थर्मामीटर घेऊन आली. शिकलेली मुलगी, तिला हसू येईल अशी माझी आशा होती. तिनं थर्मामीटर आधी संताच्या काखेत लावला आणि मान हलवून म्हणाली, "इथे विशेष नाही." मग झाकणाच्या फटीतून पेटीत सरकवला. पारा वर चढला तो परत यायचं नावच घेईना. मिर्ना थर्मामीटरकडे बघत राहिली, मग आमच्याकडे बघत राहिली, आणि मग हे आपल्या केंद्राच्या कक्षेत येत नाही असं म्हणून रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

हो, रांग. ते सांगायचं राहिलंच. तोवर बातमी पसरली होती आणि ज्याचा ज्याचा म्हणून सांधा दुखत होता तो पेटीला शेकायला आला होता. कुणी गुडघा लावत होतं, कुणी पाठ. फाकुंदो रांग लावत होता आणि ढोपरं दुखणाऱ्यांना पुढे घेत होता. मी बाजूला घेऊन म्हटलं, अहो, हे बरोबर दिसत नाही, पेटी उघडून बघू या. तर म्हणाला, "चमत्कार चालू असताना झाकण उघडायचं नसतं, बाई." जसा काही दर शनिवारी एक चमत्कार हाताळतो.

मग औषधाचा वाद. फाकुंदोचं मत, तापाला घाम काढला पाहिजे. सोतेराबाईंचं मत, उष्णतेला थंड औषध, दुसरं काही नाही. सार्जंटपुढे कोण बोलणार! घोंगड्या आणल्या, पोंचो आणले, माझी लग्नातली रजई आणली आणि चाळीसच्या वर पारा असलेल्या दुपारी संताला आणि पेटीला गळ्यापर्यंत गुंडाळलं. वारा लागू नये म्हणून छपराच्या दोन्ही बाजूंना चटया सोडल्या. एलिहिओ, मुद्दाम भट्टी लावायची ठरवली असती तरी आमच्याकडून इतकी नीट लागली नसती.

आता वास यायला लागला. उग्र, खवट, तळणीत विसरलेल्या तेलासारखा. जमावात कुणीतरी म्हणालं, हा पावित्र्याचा सुगंध. (मला विचारशील तर पावित्र्यानं आंघोळ केलेली नव्हती.) आणि मग रजईच्या कडेनं धुराची एक बारीक रेघ वर निघाली. सरळ, शांत, उदबत्तीसारखी. सगळे धपाधप गुडघ्यांवर बसले. फाकुंदोनं टोपी काढली. संत स्वतःच स्वतःपुढे धूप जाळतोय, याहून मोठं काय हवं!

आणि त्या धुरात, एलिहिओ, मला अनाक्लेतोमामाची टुंगाची घाणी दिसली. तोच वास. आठवतोय तुला? घाणीच्या खोपट्यातलं फडक्यांचं पिंप एका दुपारी आपोआप पेटलं, ना काडी ना चूल, आणि खोपट्यासकट मामाच्या भुवया गेल्या. त्यानंतर मामा रोज संध्याकाळी ओरडायचा, "पसरा! एकेक करून पसरा! तेल वाळत नाही रे गाढवांनो, तेल हवा खातं आणि खाता खाता तापतं! घडी केलीत की आतल्या आत शिजतं!" आम्ही बायका स्वयंपाकघरात हसायचो. मामा चार दिवस ऊन खाऊन आलाय म्हणायचो. पण कुंपणाच्या तारेवर ती फडकी रोज एकेक करून पसरायचं काम कुणाचं होतं? तुझं. आणि एकदा कंटाळा करून तू गठ्ठा तसाच फेकलास तेव्हा मामानं जी ठेवून दिली होती ती आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू आली होती.

मी किंचाळले, "पाणी! पेटी पेटतेय!" कुणी ढिम्म हललं नाही. प्रार्थना चालू होती आणि माझं किंचाळणं त्यांनी भक्तीत धरलं. माझ्या डोक्यावर गवताचं छप्पर, समोर तेलानं तुडुंब प्यालेला लाकडाचा संत, त्याच्या पायाखाली निखारा, आणि ज्या आईनं तो माझ्या हातात दिला तिला मी वर गेल्यावर काय सांगणार होते? तेवढ्यात सोतेराबाई उठल्या. त्यांना आगीची काही कल्पना नव्हती. त्या फक्त वाद हरलेल्या होत्या आणि फाकुंदोचे डोळे मिटलेले होते. त्यांनी रजई ओढली, झाकण उघडलं आणि "घे रे बाबा, थंड औषध!" म्हणून पुदिना आणि मुळ्या घातलेला बर्फाच्या पाण्याचा अख्खा थर्मास पेटीत उलटा केला. झाकण उघडल्यावर एकदम ज्वाळ उठली, आणि त्यावर फस्स करून अशी वाफ आली की पहिल्या रांगेतले मागच्या रांगेवर पडले.

आपल्या लोकांची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. चमत्कार असो, मयत असो, क्रांती असो, थर्मास कुणी घरी ठेवून येत नाही. एकीनं थंड औषध दिलेलं पाहिलं तशी सगळ्यांनाच सेवा करायची हुक्की आली. मी नुसती "ओता, ओता" ओरडत होते. अख्ख्या गावाचं तेरेरे त्या पेटीत गेलं. मग मी पेटीच अंगणात ओढून पालथी केली आणि सगळे रुमाल हौदात लोटले. मधले रुमाल कोळसा झाले होते. पेटीचा तळ जळून आरपार दिसत होतं. संताच्या झग्याची कड काळी पडली आहे आणि उजव्या पायाची टाच थोडी भाजली आहे. आणखी थोडा वेळ घाम काढला असता तर मी तुला हे पत्र कुठल्या पत्त्यावरून लिहिलं असतं देव जाणे.

पुढचं ऐक. ताप उतरला. सोतेराबाईंच्या पुदिन्याचा गुण आला असं गावानं एकमतानं ठरवलं. त्या आता संताच्या वैद्य म्हणून मिरवताहेत आणि फुकट निदान करताहेत. मी घसा फोडून सांगितलं की तेल होतं, घडी होती, ताप नव्हता. सगळ्यांनी माझं प्रेमानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, घशाची काळजी घे. फाकुंदो मात्र ठरावाचं नावही काढत नाही. ज्या माणसानं संतावर रजई घातली होती त्यानं संत सांभाळण्यावर बोलायचं नसतं, एवढं सैन्यातही शिकवत असावेत. मिरवणूक झाली. संत असा झळकत होता की शेजारच्या गावचे लोक नवीन घेतला का म्हणून विचारत होते. म्हणजे संत माझ्याकडेच राहिला. तुझ्या तेलामुळे राहिला, आणि तुझ्या तेलामुळेच जवळजवळ गेला होता.

तेल वाईट नाही रे. लाकूड वाळवीला पुरून उरेल, पाण्याचा थेंब अंगावर ठरत नाही, खिडक्या, बाकं, गिटारी, शवपेट्या, कशालाही लाव. मी स्वतः माझी कणिक मळायची लाकडी काठवट त्यानं पुसायला निघाले होते. पण त्यात जे लवकर वाळायचं औषध घालतोस ते खाण्याच्या भांड्याला चालतं का, तेही डब्यावर नाही, म्हणून तेल परत ठेवलं. डब्यावर फूल आहे, सोनं आहे, 'म्हणूनच' आहे. एक ओळ नाही. 'तेलाची फडकी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा, गठ्ठा करू नका.' तू विसरलास असं मानायला मी तयार आहे. माणूस शहरात गेला की मार विसरतो.

मोठ्यांना नमस्कार सांगण्यासारखं तिकडे तुझ्याहून मोठं कुणी उरलेलं नाही, तेव्हा तो तूच ठेवून घे. मुलांचे माझ्या वतीनं मुके घे, आधी मिशा काढ.

तुझी,
देओलिंदाताई

ता. क. गाठोड्यात काय आहे असं विचारशील. दुसऱ्या डब्यातलं तेल मी आज पहाटे संताच्या मखराला लावलं. पुसलेल्या कापडावर संताच्या घरच्यांचा हक्क असतो, आणि तूही घरचाच. रीत मोडू नये म्हणून चौघडी घालून, घट्ट बांधून दिलंय. बस उन्हातूनच येते.

ता. क. २. मांडीला ऊब लागतेय का रे?

ता. क. ३. चिपा आहे, आपला चीजचा पाव. भट्टीतून काढल्या काढल्या कापडाच्या पाच घड्यांत बांधला, म्हणून गरम आहे. मखर पुसलेली फडकी इथे कुंपणाच्या तारेवर एकेक करून वाळताहेत, सोतेराबाई त्यांची नाडी बघून जातात. आता गाठोडं सोड. अजून मांडीवरच असेल तर खा, तू खरंच विसरला होतास, आणि उद्या छापखान्यात जाऊन ती ओळ फुलाएवढ्या मोठ्या अक्षरांत छापून घे. आणि जर आधीच्या ताजा कलमाला तू ते पाण्यात फेकलं असशील, तर चिपा गेला आणि तू सापडलास.

ता. क. ४. मला उत्तर कळवायची गरज नाही. बसचा ड्रायव्हर म्हणत होता की तुझ्या दुकानाच्या मागच्या अंगणात एक तार आहे, आणि तिच्यावर रोज संध्याकाळी तेलकट फडकी एकेक करून पसरलेली असतात. मामाची थप्पड तुझ्या चांगली लक्षात आहे म्हणायची. गिऱ्हाइकांना छपरं नसतात का रे, एलिहिओ?